पाइप गार होताना

परळच्या एका मिलच्या बॉयलरखान्यात शामराव नावाचा पाइप फिटर होता. मिलचं नाव सांगत नाही. मालकांचे नातू अजून लग्नकार्यात भेटतात आणि या वयात मला कुणाशी वाकड्यात शिरायचं नाही. शामरावबद्दल मात्र मनात आहे ते सगळं सांगणार आहे, कारण माझ्या एका आकड्यामुळे त्या माणसाची नोकरी जायची वेळ आली होती.

मी गिरगावातला, खोताच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या चाळीतला, म्हणजे जन्मजात शहाणा. नाव हेमचंद्र. फोर्टातल्या एका इंजिनियरिंग कंपनीत मी ड्रॉइंग काढायचो आणि वाफेच्या पाइपांची गणितं करायचो. गणितामागची गोष्ट साधी आहे. वाफ आली की पाइप तापतो, तापला की वाढतो, आणि वाढायला जागा नसली की भिंतीला रेटतो. म्हणून वाटेत त्याला वळण देतात, त्याला बेंड म्हणतात. बेंड किती लवेल आणि जोडांवर किती ताण येईल हे आधी कागदावर काढायचं. आमच्या पुस्तकाप्रमाणे सहा इंची बेंड सरळ पाइपच्या साडेसहा पट लवत असे. कुठला बेंड, कुणाच्या हातचा, याची पुस्तकाला पर्वा नव्हती. मलाही नव्हती.

पंचावन्न साली त्या मिलमध्ये बॉयलरखान्यापासून रंगखात्यापर्यंत नवी लाइन टाकायची होती. मोजमापं घ्यायला गेलो तेव्हा शामराव पहिल्यांदा दिसला. बेंड तिथेच करत होते. पाइपात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारायची, भट्टीवर पाइप लाल करायचा आणि साखळीने हळूहळू ओढून वाकवायचा. ओढणारे सहा जण होते, पण नजर एकट्या शामरावची. चाळिशीचा, सडपातळ, डोळे अर्धे मिटलेले. पाहणाऱ्याला वाटावं, हा उभ्याउभ्या झोपला आहे. मध्येच तो नुसता हात वर करायचा आणि सगळे थांबायचे.

त्याचा बाप चिपळूणकडून आलेला. विणकाम खात्यात पगार बरा होता, पण तिथे धोट्यातून दोरा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि महार माणसाने तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. म्हणून शामराव बॉयलरखान्यात आला. हे त्याने मला कधीच सांगितलं नाही. त्याच्या बायकोने, बकुळावहिनींनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज चढला. शामराव तेव्हा हातातल्या बशीची कड बोटाने चाचपत बसला होता.

त्या पहिल्या दिवशी काम आटोपल्यावर तो मला बॉयलरखान्याच्या मागे घेऊन गेला. तिथे राखेच्या ढिगाशेजारी पपईचं झाड उगवलं होतं. त्याने एक पान तोडलं, पोकळ देठ मोकळा केला आणि माझ्यासमोर वाकवला.

“बघा साहेब. गोल आहे तोवर वाकत नाय. आधी चपटा होतो, मग वाकतो. आपला बेंड पण तसाच. श्वास घेतो तो.”

मग दुसरा देठ घेऊन त्याला काडीने भोक पाडलं आणि तोही वाकवला. देठ भोकापाशी फाटला. लाइनला असं भोक पाडून जिथे फाटा काढतात त्या जोडाला टी म्हणतात. माझ्या ड्रॉइंगात ती भिंतीला अगदी चिकटून होती. शामराव म्हणाला, टी हातभर अलीकडे घ्या, भिंतीपाशी तिला हलता येणार नाही. मी त्याला सांगितलं की पुस्तकात टी वेगळी धरत नाहीत, ती सरळ पाइपच समजायची असते. तो “बरं” म्हणाला. टी भिंतीजवळ ड्रॉइंगात नीटस दिसत होती, म्हणून मी ती तिथेच ठेवली. खरं कारण एवढंच होतं.

लाइन सुरू झाली आणि महिनाभरात मला तिथला पत्रा दिसला. शामरावने घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून चिमणीच्या काजळीवर काळा केला होता आणि बेंडजवळच्या भिंतीवर दोन पट्ट्यांत अडकवला होता. पाइपाला बांधलेल्या खिळ्याचं टोक त्या काजळीला टेकलेलं. लाइन गार झाली की पाइप आखडायचा आणि खिळा पत्र्यावर रेघ ओढायचा. पुन्हा तापली की त्याच रेघेवरून परत जायचा. मग शामराव पत्रा जवभर खाली सरकवायचा, म्हणजे पुढची रेघ वेगळी पडे. पत्रा भरला की त्यावर लाखेचा पातळ हात देऊन तो घरी नेई. बेंडाची जाडीही तो मोजायचा, आडवी आणि उभी, गार असताना आणि तापल्यावर. त्यासाठी त्याने तारेचा एक चिमटा केला होता आणि मापं खडूने भिंतीवर लिहिलेली असत.

हे कशासाठी, असं मी विचारलं. पाइपाकडे बघत तो म्हणाला, “कशासाठी नाय. त्याला काय होतं ते कळावं म्हणून.”

मला हसू आलं होतं, पण मी तिथे जात राहिलो. आधी कामाचं निमित्त होतं, नंतर तेही उरलं नाही. रविवारी मिल बंद असायची. गिरगावातून ट्राम पकडायची, परळला उतरायचं, गेटवर कुशाबाच्या वहीत नाव लिहायचं आणि आत जायचं. कुशाबा हा साताऱ्याकडचा पहारेकरी, मिशीने भीतिदायक आणि स्वभावाने गाय. वहीत नाव, वेळ आणि कारण असे तीन रकाने होते. मी कारण लिहायचो ‘तपासणी’. शामराव तो रकाना कोराच सोडायचा.

रविवारचा बॉयलरखाना मला अजून स्वप्नात दिसतो. छपराच्या काचांमधून ऊन तिरकं उतरायचं आणि त्यात राखेचे कण तरंगत असायचे. एरवी त्या जागेत आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नसे. आता एवढी शांतता की भायखळ्याकडच्या इंजिनाची शिट्टी जवळून आल्यासारखी वाटे. मग लाइन गार व्हायला लागायची. कुठेतरी टक् व्हायचं. बऱ्याच वेळाने दुसरीकडे टक्. शामराव बेंडवर तळवा ठेवून डोळे मिटून बसायचा, आजारी मुलाच्या कपाळावर आई हात ठेवते तसा. मीही ठेवून पाहिला. दीड तासाने मला वाटलं की हाताखाली काहीतरी सैल झालं. खरंच झालं की शामरावच्या संगतीने मलाही वेड लागलं, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. पण तिथे बसून मला फार सुख वाटायचं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. हरताळ, मोर्चे, छप्पनच्या जानेवारीत गोळीबार आणि संचारबंदी. गिरणगाव बंद झालं की भोंगे बंद, भट्ट्या बंद, आणि आमची लाइन गारठून पडायची. रविवारी निखारे दाबून ठेवलेले असत, त्यामुळे ती जराशी कोमट राही. हरताळात मात्र पार थंड व्हायची. म्हणून पत्र्यावर रविवारच्या रेघा आखूड आणि हरताळाच्या लांब. शामराव स्वतः मोर्च्यात असायचा, घोषणा देऊन घसा बसवून घ्यायचा. छप्पनच्या ऑक्टोबरात तो आणि बकुळावहिनी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. जाण्याआधी भट्टी पेटती ठेवणाऱ्या आगवाल्याला पत्रा सरकवायला तीनतीनदा बजावून गेला होता. शामराव स्वतः पत्रा सरकवायचं एकदाच विसरला. डिसेंबरात बाबासाहेब गेले, तेव्हा. त्या पत्र्यावर दोन रेघा एकावर एक पडून एकच जाड झाली आहे. तिच्याबद्दल त्याला कुणी काही विचारत नसे.

आता ज्यासाठी हे सांगायला बसलो ते सांगतो. अठ्ठावन्न साली दोन दिवसांचा बंद झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी वाफ सोडली आणि तासाभरात भिंतीजवळची टी तडकली. रंगखात्यातल्या धोंडू नावाच्या कामगाराचा हात कोपरापर्यंत भाजला. पाळी बंद पडली. चौकशी बसली, आणि कुशाबाची वही उघडल्यावर मिलच्या साहेबांना हवं ते सापडलं. बंदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मिलमध्ये एकच माणूस शिरला होता. शामराव. कारणाचा रकाना कोरा.

मिलच्या साहेबांनी ठरवून टाकलं की हा संयुक्त महाराष्ट्र समितीचा माणूस, यानेच काहीतरी करून ठेवलं. शामरावला कामावरून घरी बसवलं आणि खुलाशाला आठ दिवस दिले. नोकरी गेली असती तर मिलच्या चाळीतली खोलीही गेली असती. आणि चाळीत वेगळीच तऱ्हा. तिथे लोक म्हणायला लागले की बंद असताना हा कामावर गेला, म्हणजे मालकाचा माणूस. ज्यांच्याबरोबर तो मोर्च्यात चालला होता तेच त्याच्याशी बोलेनात. बकुळावहिनी त्याच मिलच्या कांडीखात्यात, सुताच्या कांड्या भरायच्या कामावर होत्या. त्यांच्या शेजारच्या बायका डबा खाताना तोंड फिरवून बसायला लागल्या. का गेला होतास, असं दोन्हीकडच्यांनी विचारलं आणि त्याने दोन्हीकडे एकच उत्तर दिलं. पाइप गार होताना बघायला. त्यावर साहेब संतापले आणि चाळ हसली.

आमच्या ऑफिसात मिलचं पत्र आलं. लाइनच्या गणितात दोष नव्हता असा दाखला हवा होता. आमचे वरिष्ठ, चिंतामणी साहेब, भला माणूस, पण घरी तीन मुली लग्नाच्या आणि मिल म्हणजे मोठं गिऱ्हाईक. जुने कागद काढ, नजर टाक आणि सही कर, असं ते मला म्हणाले. मी कागद काढले. माझ्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: टी, सरळ पाइपप्रमाणे, गुणक एक.

माझ्या टेबलाच्या खणात दोन वर्षांपासून एक अमेरिकन नियतकालिक पडून होतं. पानांच्या जुळलेल्या कडाही कापलेल्या नव्हत्या. त्यात वळणं आणि फाटे वाकवून वाकवून तुटेपर्यंत तपासल्याचा वृत्तांत होता. त्या दुपारी मी त्या कडा पट्टीने कापल्या आणि वाचायला बसलो. आमच्या मापाच्या टीवर सरळ पाइपच्या जवळजवळ चौपट ताण धरायला हवा होता. आणि तो ताण कितीदा सोसला, म्हणजे लाइन कितीदा गार होऊन तापली, यावर तिचं आयुष्य ठरत होतं. शामरावने मला हेच पपईच्या देठावर फुकट दाखवलं होतं.

संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. दार बकुळावहिनींनी उघडलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्या खाली ओळीने चार काळे पत्रे. पाचवा मिलमध्येच अडकून पडला होता, कारण शामरावला गेटच्या आत मज्जाव होता.

“तो पण आणलाय मी,” वहिनी म्हणाल्या. “डब्याच्या फडक्यात गुंडाळून. ह्यांना झोप नव्हती त्याच्यापायी. नोकरी गेली तर गेली म्हणतात, पण माझा पत्रा तिथं राहिला.”

आम्ही पाचही पत्रे जमिनीवर मांडले आणि मी रेघा मोजल्या. एकशे ब्याऐंशी. पाचव्या पत्र्यावरच्या शेवटच्या आठ रेघा इतरांपेक्षा लांब होत्या आणि दर वेळी आणखी थोड्या लांब. त्यातल्या सात रविवारच्या. रविवारची रेघ इतकी लांब पडायचं कारणच नव्हतं. मी शामरावकडे पाहिलं.

“लाइन दोन म्हैने झोपेत कूस बदलत होती,” तो म्हणाला. “मी जॉबरला, आमच्या मुकादमाला बोललो, तर तो हसला. म्हणून बंदच्या दिवशी गेलो. पार गार झाल्यावर कुठं जाते ते बघायचं होतं.”

म्हणजे टी दोन महिने आतून फाटत होती, आणि जसजशी फाटत होती तसतशी लाइन जास्त सरकत होती. बंदच्या आधीपासून. ते एकट्या शामरावला दिसलं होतं आणि त्याच्याकडे सांगायला शब्द नव्हते. ज्याच्याकडे शब्द होते तो मी, त्या दोन महिन्यांत तिकडे न फिरकता गिरगावात बसून वेळेवर पगार घेत होतो. मला माझी इतकी लाज वाटली की वहिनींनी दिलेला चहा मी तसाच ठेवला.

घरी वडिलांना, म्हणजे तात्यांना सांगितलं. तात्या म्युनिसिपालिटीतले निवृत्त कारकून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सही तुझी आहे ना?” मी हो म्हटलं. ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. त्यांनी आणखी काही बोलावं असं मला फार वाटत होतं.

आठव्या दिवशी मिलच्या कचेरीत टेबलाभोवती साहेब, आमचे चिंतामणी साहेब आणि मी बसलो होतो. शामराव दाराशी उभा होता. त्याला खुर्ची कुणी दिली नाही. मी पाच पत्रे टेबलावर ठेवले. रेघा म्हणजे काय, शेवटच्या आठ लांब का, हे सगळं समजावून सांगितलं. साहेब म्हणाले, ठीक आहे, हा दोष आधीचा असेल, पण मग जोड नीट केला नसणार, आणि जोडही याच माणसाचा. एवढ्यावर गप्प बसलो असतो तर माझी नोकरी वाचली असती आणि शामरावची कदाचित निम्मी.

“जोड चांगला होता,” मी म्हटलं. “टी मी सरळ पाइप धरली. गुणक चार हवा होता, मी एक धरला. या माणसाने मला पंचावन्न सालीच सांगितलं होतं. चूक माझी आहे.”

चिंतामणी साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी शामरावकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर पत्र्यांवर होती.

“मग आता बेंडचा किती धरणार?” त्याने विचारलं.

त्याची नोकरी त्या टेबलावर होती आणि तो बेंडचा आकडा विचारत होता. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, तुमच्या मापांवरून काढू.

शामरावला परत घेतलं. माझी दोन वर्षांची पगारवाढ गेली आणि माझ्या प्रत्येक कागदावर चिंतामणी साहेबांची दुसरी सही लागायला लागली. मी म्हणतो, बरं झालं. पुढचे दोन महिने मी आणि शामरावने ते गणित नव्याने केलं. त्याच्या चिमट्याची मापं आणि पत्र्यावरच्या रेघा घेतल्या, तर त्याचा बेंड साडेसहा नव्हे, आठ पट लवत होता. वाळू भरून तापवून ओढताना बाहेरची बाजू पातळ होते आणि बेंड जरा चपटा राहतो, म्हणून. तेवढ्याने भिंतीवरचा रेटा कमी निघाला, टीवरचा ताण खरा निघाला, आणि टी कुठे ठेवायची तेही निघालं. हातभर अलीकडे. त्याने देठ मोडून सांगितलं होतं तिथेच.

चाळीचं मन वळायला जास्त दिवस लागले, आणि ते काम बकुळावहिनींनी केलं. एका रविवारी त्यांनी पाचही पत्रे खोलीबाहेर गॅलरीत टांगले आणि निवडायला तांदूळ घेऊन शेजारी बसल्या. लोक येता-जाता थांबायला लागले. शामराव बोट ठेवून दाखवू लागला: ही पंचावन्नच्या नोव्हेंबरची, ही जानेवारीतली, गोळीबार झाला त्या आठवड्याची. ज्याने त्याने आपापली रेघ शोधली. जाड रेघेपाशी तर सगळेच थांबले. तिची तारीख त्यांना सांगावी लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून कांडीखात्यातल्या बायका वहिनींकडे तोंड करून बसायला लागल्या.

साठ सालच्या एक मेला राज्य झालं. रविवार होता. दादर-परळ माणसांनी फुलून गेलं होतं, गुलाल उडत होता. मी शामरावला शिवाजी पार्ककडे न्यायला आलो, तर वहिनी हसून म्हणाल्या की ते कुठे असतील ते तुम्हाला ठाऊक आहे. मिलच्या गेटवर मी आणि शामराव एकाच वेळी पोहोचलो. त्याच्या कपाळाला गुलाल होता आणि काखेत नवा, कोरा, काजळी धरलेला पत्रा.

कुशाबाने वही पुढे ओढली. अठ्ठावन्नच्या चौकशीत साहेबांनी त्या कोऱ्या रकान्यावरून त्याला फार झापलं होतं, तेव्हापासून तो रकाना तो स्वतः भरायचा. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जुळवत, त्याने आमची नावं लिहिली आणि वेळ लिहिली. कारण त्याने आम्हाला विचारलंच नाही. त्याने लिहिलं: पाइप गार होताना बघायला.